वाटणीतला व्हिडिओ गेम

गास गावातल्या तुस्कानो वाडीत दोन घरं समोरासमोर आहेत, आणि दोघांच्या अंगणातून एक भिंत गेली आहे. भिंत छातीइतकीच उंच. पलीकडे काय शिजतंय, कोण आलं, कोण गेलं, सगळं दिसतं. पण दिसत नाही असं धरून चालायचं. अलीकडे थोरला व्हिक्टर, पलीकडे धाकटा स्टॅनी. एका आईच्या पोटचे सख्खे भाऊ, आणि बावीस वर्षं एकमेकांशी अबोला. गावात कुणाला याचं नवल नाही. वाटण्या झाल्या की असंच होतं, म्हणतात लोक, आणि आपल्या कामाला लागतात.

व्हिक्टर माणूस वाईट नव्हे, हे आधीच सांगितलेलं बरं. कामणच्या एका मोठ्या गोदामात तो सुपरवायझर. रोज मोटरसायकलने जाणार, रोज वेळेवर येणार. चर्चच्या सणाला मांडव घालायला पुढे, कुणाचं मयत झालं तर खांदा द्यायला पुढे. बायको ज्युली, मुलगी ॲनिशा लग्न होऊन माणिकपूरला दिलेली. दारू नाही, जुगार नाही. पण एक गोष्ट मनात धरली की धरली. मग प्रत्यक्ष बिशप आले तरी सोडणार नाही.

त्याने मनात धरलेली गोष्ट होती दोन हजार तीन सालची. आई जाऊन वर्ष झालं होतं, आणि वाटणीला पंच बसले होते. निवृत्त शाळामास्तर, आईचा भाऊ आणि शेजारचे एक म्हातारे, असे तिघं. शेत वाटलं, केळीची वाडी वाटली, माड मोजून वाटले, सामाईक विहिरीचं पाणी दिवसाआड ठरलं. तांब्याचे हंडे, कोयते, कणगी, सगळं झालं. घरातला अल्तार, म्हणजे देव्हारा, थोरल्याकडे, आईचे दागिने धाकट्याच्या बायकोला. दुपार टळून गेली, पंचांच्या पोटात कावळे ओरडायला लागले, आणि तेवढ्यात माळ्यावरून एक पत्र्याची पेटी खाली आली.

पेटीत व्हिडिओ गेम होता. यांचे दिवंगत पप्पा बोटीवर स्वयंपाकी होते. सत्त्याऐंशी साली जपानच्या बंदरातून त्यांनी तो आणला होता. लाल-पांढरं मशीन, त्यालाच वायरीने कायमचे जोडलेले दोन रिमोट, वरून घालायच्या कॅसेटी, एक पिस्तूल, टीव्हीला जोडायची डबी आणि अडॅप्टर. तिकडची वीज कमी दाबाची, म्हणून पप्पांनी विटेएवढा जड ट्रान्सफॉर्मर आणला होता. त्याच्या वायरीला इथली गोल पिनांची पिन स्वतःच्या हाताने लावून, वर निळी टेप गुंडाळली होती. तेव्हा व्हिक्टर तेरा वर्षांचा, स्टॅनी दहाचा. अख्ख्या गासमध्ये असला गेम कुणाकडे नव्हता. रविवारी चर्चमधली मिस्सा संपली की पोरं घरी न जाता तुस्कानोंच्या ओटीवर येऊन बसायची. पहिला रिमोट नेहमी व्हिक्टरचा, कारण चालू करायचं बटण त्याच्यावर. दुसऱ्या रिमोटवर ते बटण नव्हतं, पण एक बारीकसा माइक होता. स्टॅनी त्यात तोंड घालून बोंब मारायचा आणि ती टीव्हीतून बाहेर यायची. आई स्वयंपाकघरातून दचकून बाहेर धावायची. कितीदा फसली असेल, गणती नाही.

मास्तर म्हणाले, "अरे, खेळणं आहे. ठेवा कुणातरी एकाकडे."

"माझ्याकडे," दोघं एका तोंडाने म्हणाले.

एक एकोणतीस वर्षांचा, दुसरा सव्वीसचा. आता बोला! मामाने समजावलं, म्हाताऱ्यांनी दटावलं, पण दोघंही हटून बसले. शेवटी भुकेने आणि कंटाळ्याने मास्तरांनी निवाडा दिला: मशीन थोरल्याला, बाकीचं सगळं सामान धाकट्याला. म्हणजे एकाकडे मशीन, पण ते चालवायला वीज नाही आणि कॅसेट नाही. दुसऱ्याकडे सगळं आहे, पण मशीन नाही. पंचांनी सह्या करून घेतल्या. त्यांना वाटलं, खेळायची हौस आली की एकत्र येतीलच.

आलेही असते. पण सही करताना स्टॅनी मान खाली घालून बोलला, "घे मशीन. आईला शेवटची दोन वर्षं कोनी उचललं, कोनी ठेवलं, ते गावाला म्हाईत आहे."

ती दोन वर्षं व्हिक्टर मस्कतला होता. आईच्या मातीलाच काय तो पोचला होता. स्टॅनी बोलला ते खोटं असतं तर व्हिक्टरने त्याच्या कानाखाली वाजवली असती आणि संध्याकाळी दोघं एका ताटात जेवले असते. ते खरं होतं, आणि पंचांसमोर बोललं गेलं होतं. दुसऱ्या दिवशी व्हिक्टरने विटा मागवल्या.

त्यानंतर सतरा वर्षं ते मशीन कपाटावर गोणपाटात गुंडाळलेलं पडून होतं. मग टाळेबंदी आली. गोदाम महिनाभर बंद, बाहेर पडायची चोरी. व्हिक्टरने एके दिवशी गोणपाट सोडलं. पांढरं प्लास्टिक पिवळं पडलं होतं. एका कोपऱ्याला जुना डाग होता. एका नाताळात स्टॅनीने मशीनवर मेणबत्ती ठेवली होती आणि प्लास्टिक वितळलं होतं, तो डाग. व्हिक्टरने मशीन पुसलं, उघडून आतली धूळ काढली, रिमोटची बटणं एकेक दाबून पाहिली. सगळं ठीक होतं. फक्त अडॅप्टर हवा होता, ट्रान्सफॉर्मर हवा होता, कॅसेट हवी होती. सगळं दहा पावलांवर होतं.

काय म्हणावं या माणसाला! दहा पावलं टाकायला नकोत म्हणून त्याने जग पालथं घातलं. फोनवर असल्या जुन्या खेळांचा नाद असलेल्यांचे गट शोधले. अडॅप्टर बंगळुरूहून आला. ट्रान्सफॉर्मर चोरबाजारात मिळाला. जपानी बनावटीचा छोटा टीव्ही पुण्याच्या एका पारशी बाईंकडून आणला. कॅसेटी तर थेट जपानहून मागवल्या, टाळेबंदी उठल्यावर, एकेक करून. मग त्याला चटक लागली. दुसरं मशीन घेतलं, तिसरं घेतलं. कीबोर्ड घेतला, चष्मा घेतला, पायांनी खेळायची चटई घेतली. काचेची दारं असलेलं कपाट करून घेतलं. ज्युली म्हणायची, "या घरात अल्तारावर धूळ आहे, पन कपाटावर नाही." गटात तो नुसता 'व्ही. टी.' होता. चेहऱ्याऐवजी पप्पांच्या मशीनचा फोटो, कोपऱ्यावरच्या डागासकट. आपल्याला कोण ओळखतंय, असं त्याला वाटायचं.

संध्याकाळी कामावरून आला की तो खेळायला बसायचा. एकटाच. दुसरा रिमोट फरशीवर पडलेला असायचा. नवऱ्याला असं एकट्याने बसलेलं बघून ज्युलीला कसंसंच व्हायचं, पण बोलून उपयोग नाही हे तिला ठाऊक होतं.

यंदा नाताळ उलटून दोन आठवडे झाले असतील. व्हिक्टर गोदामात डबा खात होता. फोनवर गटात एक जाहिरात आली: जुना ट्रान्सफॉर्मर, अडॅप्टरसह. खाली फोटो. त्याच्या हातातला घास हातातच राहिला. गोल पिनांची पिन. वर निळी टेप.

घरी येऊन त्याने आधी ज्युलीला फोटो दाखवला. "बघ. पप्पांचा. विकायला काढला."

ज्युलीने फोन हातात घेऊन नीट पाहिलं. "स्टॅनीचाच हा. पन विकतात कशाला? काय झालं असेल त्यांच्याकडे? विचार तरी जाऊन."

"विचारायचं काय त्यात? गरज लागली असेल."

"मग जा की, भाऊ ना तू!"

"त्याला कुठे म्हाईत, मी आहे ते."

आणि तो हसला. ज्युलीला ते हसू मुळीच आवडलं नाही. बावीस वर्षं पोटात ठेवलेली वाटणी आता घरबसल्या फिरणार होती, आणि समोरच्याला पत्ताही लागणार नव्हता. व्हिक्टरने घासाघीस केली. एवढ्या पैशांत नवा येतो, निम्म्यात देत असाल तर बोला, असं लिहिलं. पलीकडून लगेच उत्तर आलं, "चालेल." त्याने पत्ता दिला गोदामाचा. तर गंमत बघा: तो ट्रान्सफॉर्मर गासहून निघाला, नालासोपाऱ्याला गेला, तिथून भिवंडीला, भिवंडीहून कामणला, आणि कामणहून व्हिक्टरच्या मोटरसायकलवर बसून पुन्हा गासला आला. जिथून निघाला तिथून दहा पावलांवर.

दोन आठवड्यांनी टीव्हीची डबी आली. मग पिस्तूल. मग कॅसेटी, पण एकदम नाही, एकेक. दर वेळी व्हिक्टर भाव पाडायचा आणि दर वेळी तिकडून मुकाट्याने होकार यायचा. चौथ्या कॅसेटीवर मागच्या बाजूला पेनने लिहिलेलं होतं, 'व्हिक्टर + स्टॅनी', त्याच्याच शाळकरी अक्षरात. त्याने त्यावरून अंगठा फिरवला, कॅसेट कपाटात ठेवली आणि दार लावलं.

"एकेक का पाठवतात?" ज्युलीने विचारलं.

"भाव वाढेल म्हणून. शाने आहेत."

"भाव तर तू सांगशील तो देतात."

व्हिक्टर फोन घेऊन ओट्यावर गेला.

त्याच सुमारास पलीकडची काही लक्षणं त्याच्या नजरेत येत होती. नाही म्हटलं तरी भिंत छातीइतकीच. स्टॅनीची स्कूटर महिनाभर ताडपत्रीखाली होती. पहाटे रिक्षा यायची, दुपारी परतायची, आणि स्टॅनीची बायको सुझान त्याला धरून उतरवायची. प्रिन्सीने, स्टॅनीच्या मुलीने, नोकरीवर जायचं बंद केलं होतं. एकदा केळीला पाणी लावताना व्हिक्टरने स्टॅनीला ओट्यावर खुर्चीत बसलेलं पाहिलं. अंगावर शर्ट लोंबत होता. स्टॅनीची मान याच दिशेने होती. व्हिक्टरने पाण्याची दिशा बदलली आणि तो वाडीच्या दुसऱ्या टोकाला गेला.

ज्युलीला सगळं ठाऊक होतं. विहीर सामाईक, आणि बायकांनी अबोला कधी मनापासून पाळला नव्हता. उपवासकाळाच्या पहिल्या दिवशी, राखेच्या बुधवारी, चर्चमधून आल्यावर, कपाळावरची राख तशीच असताना, तिने सांगून टाकलं, "यकृताचा आजार आहे. डॉक्टरांनी हात टेकले. फार तर दोन महिने, बोलले."

व्हिक्टर खुर्चीत बसला. तिने वाट पाहिली.

"त्याने बोलवावं," तो शेवटी म्हणाला. "एक शब्द बोलू दे. मी उभ्या पायी जाईन. मोठा मी आहे, ज्युली."

"मोठा आहेस म्हनूनच सांगते."

"पंचांसमोर बोलला तो. विसरलीस तू?"

"खरं बोलला," ज्युली म्हणाली आणि स्वयंपाकघरात निघून गेली.

उपवासकाळात फादर दर रविवारी समेटावर बोलतात. यंदाही बोलले. वैर पोटात ठेवून वेदीपाशी येऊ नका वगैरे. व्हिक्टर मान हलवून ऐकत होता, आणि मनात म्हणत होता, स्टॅनीने ऐकायला हवं हे. स्टॅनी चर्चला येण्याच्या पलीकडे गेला होता, हे त्याला ठाऊक असून. मार्चच्या पहिल्या शुक्रवारी फादर आजाऱ्यांना घरी कम्युनियनचा प्रसाद द्यायला निघाले, ते व्हिक्टरच्या फाटकासमोरून पलीकडे गेले. त्यांनी जाता जाता याच्याकडे पाहिलं. व्हिक्टरने हात जोडले आणि मोटरसायकल पुसायला घेतली. पुसलेलीच होती.

त्या संध्याकाळी त्याने पप्पांचं मशीन खाली काढलं. तोपर्यंत त्या मशीनचं बहुतेक सगळं सामान व्हिक्टरकडे परत आलं होतं: तोच ट्रान्सफॉर्मर, तीच डबी, त्याच कॅसेटी. बंगळुरूचं, चोरबाजाराचं बाजूला ठेवून त्याने अस्सल जोडणी केली. चालू केलं. चित्र आलं. तीच पिऽपिऽ वाजणारी धून. त्याला वाटलं होतं आनंद होईल. कसला आनंद! पहिला डाव अर्ध्यावर मेला, दुसराही मेला.

ज्युली भाजी निवडत बसली होती. ती उठली, फरशीवरचा दुसरा रिमोट उचलला, उलटसुलट करून पाहिला आणि माइक तोंडाशी नेला.

"व्हिक्टर," टीव्हीतून तिचा घोगरा आवाज आला, "भावाकडे जा."

तो ताडकन उठला आणि त्याने पिन ओढून काढली. टीव्ही विझला. "खेळ वाटतो काय तुला?"

"नाही," ज्युली म्हणाली. "तुलाच वाटतो."

चार दिवस दोघं नवरा-बायको एकमेकांशी धड बोलले नाहीत.

त्यानंतर शेवटच्या दोन कॅसेटी आल्या. व्हिक्टरने भाव पाडला नाही, एवढं मात्र खरं. का, ते त्याने स्वतःलाही विचारलं नाही. मग काही दिवस काहीच आलं नाही. ईस्टरच्या आधीचा झावळ्यांचा रविवार आठ दिवसांवर आला तेव्हा, शनिवारी दुपारी, फोन वाजला. त्याच खात्यावरून निरोप होता:

"अजून एक आहे. कुरियर नाही. स्वतः येऊन घ्या. लवकर या."

व्हिक्टर ओट्यावर होता. समोर भिंत, पलीकडे स्टॅनीचं दार, दार उघडं. आत कॉटचा पाय दिसत होता. त्याने निरोप दोनदा वाचला. त्याच्या मनात आधी काय आलं असेल? हे की, यांना माझं तोंड बघायचंय. खरेदी करणारा कोण निघतो ते बघतील आणि मग अख्ख्या गावात होईल, की थोरल्याने मरणाऱ्या भावाचं सामान घासाघीस करून घेतलं. आणि तरी, हे सगळं एकीकडे ठेवून, तो उठला. खरंच उठला. चपला घातल्या, फाटकापर्यंत गेला. फाटकाच्या कडीवर हात ठेवला. तेवढ्यात पलीकडे प्रिन्सी धुणं वाळत घालायला बाहेर आली आणि तिने याच्याकडे पाहिलं. नुसतं पाहिलं. व्हिक्टरने कडीवरचा हात काढला, उगाच फाटकाच्या बिजागरीकडे बघितल्यासारखं केलं आणि मागे फिरला.

ओट्यावर बसून त्याने लिहिलं, "कुरियरनेच पाठवा. नाहीतर नको."

उत्तर आलं नाही. उत्तर येईल म्हणून तो रात्री जेवेपर्यंत फोन बघत होता. रविवारी बघितला, सोमवारी गोदामात बघितला. उद्या जाऊ, असं त्याने सोमवारी ठरवलं. मंगळवारी गोदामात माल अडकला. बुधवारी म्हणाला, गुरुवारी सुट्टी टाकतो. ज्युलीला बोलला नाही. बोलला असता तर तिने त्याला मानगूट धरून नेलं असतं.

गुरुवारी सकाळी, तो दाढी करत असताना, चर्चची घंटा वाजायला लागली. मयताची. एकेक ठोका, मध्ये लांब थांबा. त्याला विचारावं लागलं नाही. पलीकडून सुझानचा आवाज आलाच होता.

ज्युलीने डोक्यावर पदर घेतला आणि सरळ फाटकातून गेली, मागे वळून न बघता. व्हिक्टर तोंडाला अर्धा साबण घेऊन उभा होता. मग त्याने तोंड धुतलं, पांढरा शर्ट घातला आणि तिच्या मागून गेला. दहा पावलं. कुणी अडवलं नाही. कॉटवर स्टॅनी होता, आणि त्याच्या हनुवटीला कपडा बांधला होता. अठ्ठेचाळीसचा माणूस सत्तरचा दिसत होता. व्हिक्टर पायाशी उभा राहिला आणि त्याच्या तोंडून एकच शब्द आला, "अरे."

शवपेटी उचलायला तो पुढे झाला. तो मान त्याचाच होता. चर्चपर्यंत आणि तिथून कबरस्तानापर्यंत त्याने खांदा बदलू दिला नाही. माती लोटताना तो रडला, आणि लोक म्हणाले, रक्ताचं नातं शेवटी रक्ताचंच.

संध्याकाळी स्टॅनीच्या घरी परत आल्यावर शेजाऱ्यांनी काळा चहा आणि पाव आणला. माणसं पांगत होती. व्हिक्टर आणि ज्युली भिंतीशी टेकून बाकावर बसले होते. सुझान खाली चटईवर, गुडघ्यांना मिठी मारून. प्रिन्सीने दोघांच्या हातात कप दिले आणि समोर स्टूल ओढून बसली. बावीस वर्षांची पोर. चुलत्याशी ती जन्मात प्रथमच बोलत होती.

"अंकल, तुम्हाला एक सांगायचंय," ती म्हणाली. "तो गेम आम्हीच विकत होतो. मीच टाकत होते. तुम्ही घेत होता, ते आम्हाला माहीत होतं."

व्हिक्टरचा कप तोंडाशीच थांबला.

"डॅडींनी ओळखलं. ते आजारी पडल्यापासून दिवसभर फोनच बघायचे ना. तो फोटो दिसला, मशीनचा. कोपऱ्यावरचा डाग बघून बोलले, हा व्हिक्टर. मग मला बोलले, हे सामान त्यालाच दे. दुसऱ्या कुणी जास्त दिले तरी नको. फुकट दिलं तर घेणार नाही, म्हणून विक, बोलले." तिने नाक पुसलं. "मी विचारलं, सरळ बोलवूया ना. तर बोलले, बोलावलं तर येणार नाही. पप्पांची निळी टेप बघेल ना, तर राहवणार नाही त्याला. आपला आपण येईल."

प्रिन्सी पुढे सांगतच राहिली.

"ट्रान्सफॉर्मर पाठवला तेव्हा आठवडाभर ओट्यावर बसून होते. मग बोलले, नसेल ओळखला, डबी पाठव. मग पिस्तूल. मग ती नाव लिहिलेली कॅसेट. रोज विचारायचे, आला काय? शेवटी सामानच संपलं. तेव्हा बोलले, लिही, अजून एक आहे, स्वतः ये." तिने मान हलवली. "काही नव्हतं अंकल. द्यायला काहीच उरलं नव्हतं."

"काही दुखत होतं का फार?" व्हिक्टरने विचारलं.

"बुधवारी रात्रीपर्यंत शुद्धीवर होते. बोलले, त्याने ओळखलंय. पहिल्याच दिवशी ओळखलंय. व्हिक्टर नाही ओळखनार, तर कोन ओळखनार? आणि रडले. आणि मी भांडले हो त्यांच्याशी! मरणाऱ्या माणसाशी भांडले. मी बोलले, डॅडी, तुम्ही उगाच वाईट घेता मनाला. अंकलना कळलं असतं तर आले असते. असं कुणी करतं का?" प्रिन्सीने त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. तिचे डोळे सुजलेले होते, नाक आणि कपाळ थेट स्टॅनीचं. "सांगा ना अंकल. तुम्ही ओळखलं नव्हतं ना?"

सुझानने मान वर केली. तीही बघत होती.

व्हिक्टरच्या जिभेवर खरं आलं होतं. ओळखलं होतं गो पोरी, डबा खाता खाता ओळखलं होतं. ते बोललं असतं तर पोरीने त्याला घराबाहेर काढलं असतं, कदाचित थोबाडीत मारली असती, आणि तिचा बाप खरा ठरला असता. शेजारी ज्युली बसली होती. तिचा श्वास त्याला ऐकू येत होता.

"नाही गो," तो म्हणाला. "मला काय म्हाईत? जुन्या वस्तू, सगळ्या सारख्याच दिसतात."

प्रिन्सी हुंदका देऊन त्याच्या खांद्यावर कोसळली. "बघ मम्मी," ती म्हणत होती, "बघ, मी सांगत होते ना. डॅडी चुकले. डॅडीच चुकले."

"तेच सांगत होते मी त्यांना," सुझान डोळ्यांना पदर लावून म्हणाली. "ऐकलं नाही. उगाच भावाला बोल लावून गेले."

आणि ती उठून, भरल्या घरात, उरलेल्या चार माणसांना हेच सांगायला लागली. माणसं मान हलवत होती. व्हिक्टर पोरीच्या पाठीवरून हात फिरवत होता. ज्युलीने न प्यालेला चहा बाकावर ठेवला, पदर सावरला आणि ती एकटीच घरी गेली.